माजी सैनिकाला फाटकाच्या आत घ्या

भारतीय सैन्यदलांतून दरवर्षी सुमारे ६० हजार जण निवृत्त होतात आणि त्यांतले बहुतेक ३५ ते ४५ या वयाचे असतात. म्हणजे मुलगी दहावीला, मुलगा सहावीत, गावाकडे थकलेले आईवडील, फ्लॅटचे हप्ते नुकतेच सुरू झालेले आणि अंगात अजून वीस वर्षं काम करायची ताकद. पुण्यात ही माणसं आपल्या शेजारीच राहतात. दिघी, विश्रांतवाडी, धानोरी, लोहगाव, खडकी, देहूरोड या भागांत फौजी कुटुंबं ठिकठिकाणी आहेत. मूळ गाव साताऱ्याकडे, सांगलीकडे, अहिल्यानगरकडे. पण शेवटची पोस्टिंग पुण्याला मिळाली, मुलांच्या शाळा इथे रुळल्या, कमांड हॉस्पिटल आणि कॅन्टीन जवळ पडतं, म्हणून इथेच घर घेतलेलं. मग नोकरीचा शोध सुरू होतो आणि फार मोठ्या संख्येने तो एकाच जागी संपतो: कंपनीच्या, मॉलच्या किंवा सोसायटीच्या फाटकावर.

फाटकावरच्या कामाला मी कमी लेखत नाही. रात्रपाळीला जागणाऱ्या त्या माणसाच्या भरवशावर अर्धं शहर निर्धास्त झोपतं. ज्याला ते काम आवडतं त्याने ते जरूर करावं. माझा आक्षेप आहे तो, फौजेतून आलेल्या माणसाला तेवढंच येतं असं गृहीत धरण्याला. वीस-बावीस वर्षं सैन्याने पैसे खर्चून शिकवलेलं कसब आपण एका दिवसात शून्यावर आणतो. यात त्याचं नुकसान आहेच, पण ज्या उद्योगांना भरवशाचे सुपरवायझर मिळत नाहीत त्यांचंही आहे. आणि हे बदलण्याची जबाबदारी आपण आज एकट्या माजी सैनिकावर टाकली आहे. ती मुख्यतः नोकरी देणाऱ्यांची आणि सैन्यातल्या त्याच्या शेवटच्या वर्षाची आखणी करणाऱ्यांची आहे.

चाकण-भोसरी पट्ट्यातल्या कारखान्यांसाठी माणसं निवडण्याचं काम मी बरीच वर्षं केलं आहे, त्यामुळे हे लिहितो आहे ते टेबलाच्या अलीकडच्या बाजूने.

उदाहरण म्हणून एकच हुद्दा घेऊ. कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार. फौजेत त्याला सीक्यूएमएच म्हणतात. इन्फन्ट्रीतल्या, म्हणजे पायदळातल्या, शंभर-सव्वाशे जवानांच्या तुकडीला कंपनी म्हणतात. तिचं सगळं सामान याच्या अखत्यारीत. रेशन, कपडे, बूट, तंबू, अवजारं, रॉकेल, अंथरुण-पांघरुण. प्रत्येक वस्तू लेजरवर चढलेली, प्रत्येक वस्तू कुणाच्या तरी सहीवर. वर्षाची मोजदाद ठरलेली. काही फाटलं-मोडलं तर ते रद्दबातल करायला अधिकाऱ्यांचं बोर्ड बसतं, हरवलं तर चौकशी लागते. युनिट पुण्याहून लडाखला हललं की हे सगळं पेट्यांत भरून, रेल्वेत चढवून, पुढे ट्रकमध्ये घालून वर पोचवायचं आणि तिथे पुन्हा मोजून घ्यायचं. डोंगरावरच्या चौक्यांना बर्फ पडायच्या आधी पुढच्या काही महिन्यांचा साठा करून ठेवावा लागतो. किती पीठ, किती डाळ, किती तेल, किती औषधं, याचा अंदाज उन्हाळ्यातच बांधायचा. तो चुकला तर दुकानात जाऊन आणता येत नाही, रस्ताच बंद असतो.

असा एक हवालदार एका कारखान्यात स्टोअरच्या जागेसाठी मुलाखतीला आला होता. चाळिशीचा. खुर्चीच्या पुढच्या कडेवर बसलेला, मांडीवर प्लास्टिकची फाइल, तिच्यात डिस्चार्ज बुक, पेन्शनचा आदेश, कोर्सची सर्टिफिकेटं, सगळं तारखेनुसार लावलेलं. समोरच्या तरुण मुलीने विचारलं, ‘इन्व्हेंटरी मॅनेजमेंटचा काही अनुभव?’ तो म्हणाला, ‘नाही मॅडम. मी इन्फन्ट्रीत होतो.’ मुलाखत तिथेच संपायची. पण स्टोअरचे जुने मॅनेजर शेजारी बसले होते. त्यांनी सहज विचारलं, ‘तुमच्या कंपनीचं सामान कोण बघायचं हो?’ ‘मीच, सर. तीन वर्षं सीक्यूएमएच होतो.’ मग पुढची वीस मिनिटं तो बोलला. साठा कसा लावायचा, जुना माल आधी कसा काढायचा, लेजर आणि प्रत्यक्ष माल जुळला नाही तर सुरुवात कुठून करायची. मॅनेजर वहीत लिहून घेत होते.

त्याला ती जागा मिळाली नाही. जाहिरातीत ‘पदवीधर’ असं होतं आणि तो बारावी होता. मी भांडून पाहिलं, मॅनेजरांनीही भांडून पाहिलं, पण नियम वरून आलेला होता. ‘सिक्युरिटीत जागा आहे, ती बघा,’ असं त्याला सांगण्यात आलं. तो उभा राहिला, ‘थँक यू सर’ म्हणाला आणि निघून गेला.

पदवीच्या या अटीबद्दल केंद्र सरकारने फार पूर्वीच एक शहाणपणाचा नियम केलेला आहे. दहावी झालेला आणि १५ वर्षं सेवा केलेला माजी सैनिक क गटातल्या ज्या पदांना पदवी लागते त्यांपैकी बऱ्याच पदांसाठी पात्र धरता येतो. सैन्यातल्या कुठल्या ट्रेडचं बाहेरच्या कुठल्या कामाशी साधर्म्य आहे, याचे तक्तेही सरकारने केलेले आहेत. खासगी कंपन्यांना यातलं काही बंधनकारक नाही, आणि माझ्या अनुभवात एचआरच्या टेबलावर ते तक्ते मी कधी पाहिले नाहीत. स्टोअर, डिस्पॅच, वाहतूक, मेंटेनन्स, सेफ्टी, कॅन्टीन, इमारत-देखभाल या विभागांतल्या सुपरवायझरच्या जागांना पदवी खरोखर कशासाठी हवी, हा प्रश्न प्रत्येक कारखान्याने स्वतःला एकदा विचारावा. बहुतेक ठिकाणी उत्तर एवढंच मिळेल की अर्ज फार येतात, चाळणी लावायला काहीतरी हवं असतं.

आता जबाबदारीचा मुद्दा. ‘त्याने स्वतःहून फौज निवडली, आता पुढचं त्याचं त्याने बघावं,’ असं सुशिक्षित माणसंही म्हणतात. पण अडतिसाव्या वर्षी घरी जाणं त्याने निवडलेलं नसतं. देशाला सैन्य तरुण हवं असतं, म्हणून हुद्द्यानुसार सतरा-अठरा ते सव्वीस-अठ्ठावीस वर्षांत जवानाला परत पाठवलं जातं. सरकारी कचेरीत त्याच्याच वयाचा कारकून पुढे वीस वर्षं नोकरी करतो, बढत्या घेतो, पगाराच्या शिखरावर निवृत्त होतो. जवानाची नोकरी संपते तेव्हा त्याचा घरखर्च चढाला लागलेला असतो. आपल्या गरजेपोटी आपण त्याची उमेदीची वर्षं घेतली आणि ऐन मध्यावर त्याला सोडलं. त्या जागी दुसरं काम उभं करायला हातभार लावणं हा त्या व्यवहाराचाच भाग आहे. त्याला उपकार म्हणू नये.

इथे लगेच पेन्शनचा विषय निघतो. ‘पेन्शन चालू आहे ना तुम्हाला?’ हा प्रश्न माजी सैनिकाला प्रत्येक मुलाखतीत ऐकावा लागतो आणि त्यामागचा हिशेब सरळ असतो: पेन्शन मिळते, म्हणजे कमी पगारात येईल. मला हा प्रकार सर्वांत संतापजनक वाटतो. साध्या सेवा-पेन्शनचा ढोबळ हिशेब शेवटच्या पगाराच्या निम्म्याचा. ती त्याने आधीच केलेल्या कामाची कमाई आहे. एखाद्या उमेदवाराला वडिलांच्या वाड्याचं भाडं येतं म्हणून आपण त्याचा पगार कापत नाही. मग सियाचीनमध्ये काढलेल्या वर्षांचा मोबदला चाकणच्या मालकाच्या खर्चातून वजा कसा होतो? कामाचा जो दर तो दर. मुलाखतीत पेन्शनचा विषय काढायचाच नाही, असा लेखी नियम कंपन्यांनी करावा. एका ओळीचा नियम आहे आणि त्याला पैसे पडत नाहीत.

याला दुसरी बाजू आहे आणि ती मी गंभीरपणे घेतो. डिप्लोमा, डिग्री घेतलेली हजारो मुलं पुण्यात दहा बाय दहाच्या खोल्यांत राहून नोकरी शोधताहेत. स्पर्धा परीक्षा देता देता तिशीला आलेली आहेत. त्यांच्या घरात पेन्शन नाही, शेतीत काही उरत नाही. आधी त्यांना काम मिळू दे, असं कुणी म्हणालं तर त्याला खोडून काढता येत नाही. पण मी ज्या जागांबद्दल बोलतो आहे त्या नव्याने पास झालेल्या मुलाच्या जागा नाहीत. पंचवीस कामगारांची पाळी सांभाळणारा, अपघात झाला तर पहिल्या पाच मिनिटांत काय करायचं ते ठाऊक असणारा, रात्री दोन वाजता ट्रक अडकला तर स्वतः उठून जाणारा माणूस कारखान्यांना मिळत नाही, ही तक्रार मी कायम ऐकत आलो आहे. आणि अशा माणसाच्या हाताखाली नवी मुलं कामाला चांगली लागतात, हेही मी पाहिलं आहे.

एक गैरसमज मात्र मुळापासून काढायला हवा. फौजी माणूस फक्त हुकूम देतो आणि हुकूम पाळतो, त्याला माणसं सांभाळता येत नाहीत, असं कारखान्यांत मानलं जातं. जरा विचार करा. हवालदाराच्या हाताखाली अनेकदा पाच राज्यांतली, पाच भाषा बोलणारी वीस-बावीस वर्षांची पोरं असतात. त्याला त्यांचा पगार वाढवता येत नाही, बोनस देता येत नाही, कुणाला कामावरून काढता येत नाही. आपल्या सुपरवायझरच्या हातात असलेलं यातलं एकही हत्यार त्याच्याकडे नसतं. तरी ती पोरं त्याच्यामागे डोंगर चढतात. कारण तो त्यांच्या आधी उठतो, त्यांच्या नंतर जेवतो, कुणाच्या घरी काय अडचण आहे ते त्याला माहीत असतं आणि सुट्टीचा अर्ज अडला तर तो साहेबांपुढे जाऊन उभा राहतो. हे कसब व्यवस्थापनाच्या कुठल्या वर्गात शिकवलं जात असेल तर मला त्या वर्गाला जायला आवडेल.

सरकारी नोकऱ्यांत राखीव जागा आहेतच की, असं कुणी म्हणेल. आहेत. केंद्राच्या क गटात १० टक्के, ड गटात २० टक्के. सार्वजनिक उपक्रम आणि राष्ट्रीयीकृत बँकांत त्याहून जास्त. महाराष्ट्र सरकारच्या क आणि ड गटात १५ टक्के समांतर आरक्षण. पण संरक्षण मंत्रालयाच्या पुनर्वसन महासंचालनालयाची जून २०२१ अखेरची आकडेवारी पाहा. ज्या केंद्रीय विभागांनी माहिती दिली, त्यांत क गटातल्या मनुष्यबळात माजी सैनिक १.२९ टक्के होते आणि ड गटात २.६६ टक्के. कारणं उघड आहेत. चाळिशीतल्या माणसाला कोचिंग क्लासमध्ये वर्षानुवर्षं घासलेल्या मुलांशी लेखी परीक्षेत टक्कर द्यावी लागते, जाहिराती वेळेवर पोचत नाहीत, आणि समांतर आरक्षणात पात्र माजी सैनिक मिळाला नाही तर ती जागा त्याच प्रवर्गातल्या इतर उमेदवाराकडे जाते. ती पुढच्या भरतीसाठी शिल्लक राहत नाही. राखीव टक्का वाढवून यात फरक पडणार नाही. लेखी परीक्षेच्या तयारीचे वर्ग सेवेच्या शेवटच्या दोन वर्षांत युनिटमध्येच घेतले तर पडेल.

व्यवस्था काहीच करत नाही असंही नाही. सैनिक कल्याण विभागाचं राज्याचं मुख्यालय पुण्यातच आहे, घोरपडीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकासमोर. जिल्ह्याजिल्ह्यात सैनिक कल्याण कार्यालयं आहेत. निवृत्तांना नोकरी मिळवून देणारी आर्मी वेल्फेअर प्लेसमेंट ऑर्गनायझेशन आहे. महाराष्ट्र माजी सैनिक महामंडळ, म्हणजे मेस्को, हजारोंना काम देतं. पण मेस्कोचं मुख्य काम सुरक्षारक्षक पुरवण्याचं. खुद्द लष्करातही निवृत्त जवानाला परत घेणारी मोठी वाट म्हणजे डिफेन्स सिक्युरिटी कोअर, आणि तिथेही काम पहाऱ्याचं. सरकारच त्याला बंदूक घेऊन फाटकावर उभा करत असेल तर खासगी कंपनीला तो दुसऱ्या कुठल्या रूपात दिसणार? नोकरी मेळाव्यांतही हेच चित्र दिसतं. मंडपात सुरक्षा एजन्सींची टेबलं पुढे, भरगच्च. उत्पादन करणाऱ्या कंपन्यांची थोडी, आणि तिथे बसलेल्यांना जागा भरायचे अधिकार नसतात. ते बायोडेटा गोळा करून नेतात.

अधिकाऱ्यांची गोष्ट थोडी सुलभ आहे. त्यांच्यासाठी आयआयएमसारख्या संस्थांत २४ आठवड्यांचे व्यवस्थापन अभ्यासक्रम असतात, इंग्रजी असतं, ओळखी असतात. शॉर्ट सर्व्हिस कमिशनवाल्यांना, म्हणजे ठरावीक वर्षांपुरत्या घेतलेल्या अधिकाऱ्यांना, पेन्शन नसते हे खरं, पण वय हाताशी असतं. खरी अडचण जवान, एनसीओ (नाईक, हवालदार) आणि जेसीओंची (सुभेदार वगैरे) आहे.

आता पुण्याकडे पाहू, कारण हा प्रश्न सोडवायला याहून सोयीचं शहर देशात क्वचितच सापडेल. सदर्न कमांडचं मुख्यालय इथे. दापोडीला कॉलेज ऑफ मिलिटरी इंजिनिअरिंग, खडकीला बॉम्बे सॅपर्स या लष्करी अभियंत्यांच्या दलाचं केंद्र आणि ५१२ आर्मी बेस वर्कशॉप, लोहगावला हवाई दल, घाटावर लोणावळ्याला नौदलाचं आयएनएस शिवाजी, जिथे जहाजांची इंजिनं चालवणारे तयार होतात. आणि याच शहराच्या अंगाला लागून पिंपरी-चिंचवड, चाकण, तळेगाव, रांजणगाव. इंजिनं, गिअरबॉक्स, फोर्जिंग, अवजड वाहनं. कित्येक ठिकाणी लष्कराची भिंत आणि कारखान्याची भिंत यांत फक्त एक रस्ता आहे. अलीकडच्या भिंतीमागे एक माणूस वीस वर्षं डिझेल इंजिन उघडून जोडतो, आणि निवृत्त झाल्यावर पलीकडच्या भिंतीमागच्या इंजिन दुरुस्तीच्या शॉपला तो माहीतही नसतो.

लोकांच्या स्मरणातलं उदाहरण सांगतो. २९ सप्टेंबर २०१७ रोजी मुंबईत एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ जणांचा जीव गेला. नव्या पादचारी पुलाचं काम लष्कराला दिलं गेलं आणि बॉम्बे सॅपर्सनी फेब्रुवारी २०१८ अखेर तो उभा केला. चालत्या लोकल, गर्दी, जागा नाही, काम रात्रीच्या ब्लॉकमध्ये. सगळ्या देशाने टाळ्या वाजवल्या. त्या कामावर वेल्डिंग करणारे, क्रेनला इशारे देणारे, नटबोल्ट तपासणारे नाईक आणि हवालदार एक एक करून निवृत्त होतील. मेट्रोची, रिंग रोडची, उड्डाणपुलांची कामं चालू असलेल्या या शहरात त्यांना साइट सुपरवायझर म्हणून आधी बोलावणं यायला हवं.

पुण्याला याची परंपराही आहे. पहिल्या महायुद्धात जायबंदी झालेल्या सैनिकांना हातचा धंदा शिकवण्यासाठी १९१७ मध्ये मुंबईत क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट सुरू झाली, ती पुढे खडकीला आली आणि आजही चालू आहे. शंभर वर्षांपूर्वी ज्यांनी ती काढली त्यांना एवढं समजत होतं की हात-पाय गमावलेल्या माणसालाही कामाचं शिक्षण दिलं तर तो स्वतःच्या पायावर उभा राहतो. मुरलीकांत पेटकरांचं आयुष्य आपल्यासमोर आहे. ईएमई या लष्कराच्या यंत्रदुरुस्ती शाखेचे जवान, १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अधू झाले, १९७२ च्या हायडेलबर्ग पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात देशाला पहिलं सुवर्णपदक मिळवून दिलं, आणि नोकरी केली ती पुण्याच्या टेल्कोत, म्हणजे आजच्या टाटा मोटर्समध्ये. त्या काळी एका कारखान्याने युद्धात जखमी झालेल्या जवानाला फाटकाच्या आत घेतलं होतं.

मग करायचं काय? माझ्या मते सगळ्यात मोठा फरक पडेल तो सेवेच्या शेवटच्या सहा महिन्यांत. आज निवृत्तीपूर्वी महासंचालनालयाचे अभ्यासक्रम असतात, पण ते वर्गात होतात आणि प्रमाणपत्रावर संपतात. अमेरिकेत संरक्षण खात्याची स्किलब्रिज नावाची योजना आहे. तिच्यात सैनिक सेवेचे शेवटचे १८० दिवसांपर्यंत नागरी कंपनीत जाऊन काम शिकतो, पगार मात्र लष्करच देतं. आपल्याकडे पुण्यात याची सुरुवात करायला अवघड काही नाही. सदर्न कमांड, राज्याचा सैनिक कल्याण विभाग आणि १९३४ पासून पुण्याच्या उद्योगांचं व्यासपीठ असलेली मराठा चेंबर, या तिघांनी बसून पन्नास कारखाने निवडावेत. निवृत्तीला सहा महिने उरलेला जवान रोज सकाळी युनिटमधून निघून कारखान्यात जाईल, संध्याकाळी परत येईल. कारखान्याला एक पैसा न देता माणूस जवळून पाहायला मिळेल. कारखान्याच्या हिशेबाचं एसएपी सॉफ्टवेअर कसं चालतं, शॉपफ्लोअरवर युनियनशी कसं बोलतात, ग्राहकाचं ऑडिट म्हणजे काय, हे त्याला तिथेच कळेल. आणि लक्षात घ्या, जवानाची निवृत्तीची तारीख आधीपासून ठरलेली असते. अमुक महिन्यात मी रुजू होऊ शकतो, असं वर्षभर आधी सांगू शकणारा उमेदवार एचआरला आणखी कोण मिळणार?

काही कामांत मात्र फाटक उघडून भागणार नाही. आर्मी मेडिकल कोअरचा नर्सिंग असिस्टंट घ्या. त्याने फील्ड हॉस्पिटलमध्ये गोळी लागलेल्याला सांभाळलेलं असतं, अतिदक्षता विभागात रात्री काढलेल्या असतात. पण बाहेर परिचारिकेच्या जागेसाठी नर्सिंग परिषदेची नोंदणी लागते, ती त्याच्याकडे सहसा नसते, आणि मग मोठ्या रुग्णालयात तो वॉर्डबॉय होतो. इथे नियम मोडा असं मी म्हणणार नाही. रुग्णाच्या जिवाचा प्रश्न आहे. अशा ट्रेडसाठी सेवेत असतानाच मान्यताप्राप्त पूरक अभ्यासक्रम पूर्ण करून घ्यायला हवा, म्हणजे डिस्चार्ज बुकाबरोबर परवानाही हातात येईल. विद्युत पर्यवेक्षक, फायर, बॉयलर, अवजड क्रेन, सगळ्या परवान्यांच्या कामांना हेच लागू आहे.

माजी सैनिकांनाही दोन गोष्टी सांगाव्या लागतील, आणि मी त्या आदरानेच सांगतो. बायोडेटात पोस्टिंगची यादी देऊ नका, काम लिहा. ‘एमटी हवालदार, अमुक युनिट’ याने कुणाला काही कळत नाही. ‘चाळीस वाहनांची देखभाल, इंधनाचा हिशेब, ड्रायव्हरांच्या पाळ्या, तीन वर्षांत एकही मोठा अपघात नाही’ हे लगेच कळतं. फौजेत ‘मी केलं’ म्हणायची सवय नसते, ‘युनिटने केलं’ म्हणतात. मुलाखतीत ‘मी’ म्हणावंच लागतं, तो गर्व होत नाही. आणि पंचवीस वर्षांचा इंजिनिअर आपला साहेब असेल, तो नावाने हाक मारेल, गावात सगळे ‘मेजर’ म्हणतात तसं इथे कुणी म्हणणार नाही, याची तयारी ठेवायला हवी. पहिलं वर्ष जड जातं. कित्येक जण त्याच वर्षात सोडून सुरक्षेच्या कामाकडे वळतात, कारण तिथे निदान गणवेश आणि सलाम ओळखीचा असतो. म्हणून कारखान्यांनी या पहिल्या वर्षासाठी आधीच रुळलेला एखादा माजी सैनिक सोबती म्हणून जोडून द्यावा. दोघांनी आठवड्यातून एकदा कॅन्टीनमध्ये चहा घेतला तरी बरंच निभावतं.

हे सगळं आता टाळता येण्यासारखं राहिलेलं नाही, कारण अग्निवीर. १४ जून २०२२ ला जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेत भरती चार वर्षांची आहे, त्यातले जास्तीत जास्त २५ टक्के कायम होतात. पहिल्या वर्षासाठी ४६ हजार जागा जाहीर झाल्या होत्या. पहिल्या तुकड्यांचं प्रशिक्षण २०२२ च्या अखेरीला आणि २०२३ च्या सुरुवातीला चालू झालं, म्हणजे त्यांची चार वर्षं २०२६ च्या अखेरीला आणि २०२७ च्या सुरुवातीला भरतात. बाहेर येणारा मुलगा बावीस ते सत्तावीस वर्षांचा असेल. हातात सेवा निधीचे, म्हणजे चार वर्षांअखेर एकरकमी मिळणारे, सुमारे ११.७१ लाख रुपये. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही, त्यामुळे वर सांगितलेल्या राखीव जागा त्याला आपोआप मिळत नाहीत. केंद्रीय पोलिस दलांत अग्निवीरांसाठी वेगळा वाटा ठेवला आहे, पण सगळे तिथे मावणार नाहीत. दहावीवर भरती झालेल्याला बारावीच्या समकक्ष प्रमाणपत्राची सोय आहे आणि सैन्यातल्या प्रशिक्षणाचे निम्मे श्रेयांक धरून इग्नूच्या पदवीचीही. ती पदवी पूर्ण करणाऱ्याला वेळ मिळाला की नाही, हे त्याच्या कमांडिंग ऑफिसरने दर सहा महिन्यांनी तपासायला हवं.

साताऱ्यातल्या, सांगलीतल्या गावांत आज आयाबाया एकमेकींना विचारताहेत की पोरगा चार वर्षांनी परत आला तर पुढे काय. त्यांना उत्तर द्यायचं तर पुण्यातल्या प्रत्येक मोठ्या कारखान्याने पुढच्या वर्षाच्या मनुष्यबळाच्या आराखड्यात पदवीची अट काढलेल्या जागांची यादी नावानिशी टाकावी आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला पाठवावी. कुठल्या विभागात किती, कुठलं कसब लागेल, काय शिकवून घ्याल आणि पगार किती. पगाराच्या रकान्यात पेन्शनचा उल्लेख नको.